वर्गातला प्रश्न ते संशोधनाचे अनुदान

दुसरीच्या वर्गात 'सत्तावीस' असे सांगितले की काही मुले ७२ लिहितात. 'एकोणतीस' म्हटले की काहींच्या पाटीवर ३९ उमटते. ही चूक आळशीपणाची नाही, तिला कारण आहे. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र वीसचा अंक आधी आणि सातचा नंतर लिहावा लागतो. 'एकोणतीस' मध्ये तर 'तीसला एक उणे' अशी वजाबाकी दडलेली आहे. मूल कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहीत असते, एवढेच.

या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठा वाद होऊन गेला आहे. २०१९ साली बालभारतीचे दुसरीच्या गणिताचे नवे पुस्तक आले. त्यात एकवीस, बावीस या वाचनाबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचनही दिले होते. बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली: संख्यांच्या नावांतली जोडाक्षरे आणि बोलण्या-लिहिण्यातला उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडतात. विरोधकांना ही भाषेची मोडतोड वाटली. वर्तमानपत्रांत लेख आले, विधिमंडळातही चर्चा झाली. दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले गेले.

आता शिक्षक म्हणून आपण स्वतःला विचारू या. आपल्या तालुक्यात दुसरीच्या किती मुलांकडून अशी उलटापालट होते? तिसरीत गेल्यावर ती आपोआप थांबते का? 'वीस सात' असे आधी म्हणवून घेतल्याने ती कमी होते, की मुले आणखी गोंधळतात? हे प्रश्न मतांनी सुटणारे नाहीत. मोजूनच पाहावे लागेल. मोजायचे तर वेळ, माणसे आणि पैसा लागतो. असा पैसा सरकारकडून मिळू शकतो, त्यासाठी ठरलेल्या योजना आहेत. पण शाळेतल्या शिक्षकाला त्या बहुधा माहीत नसतात. माहीत असल्या तरी 'ते विद्यापीठवाल्यांचे काम' म्हणून सोडून दिल्या जातात. परिणाम असा होतो की, ज्यांना वर्गातले प्रश्न रोज दिसतात त्यांच्याकडे अनुदान जात नाही आणि ज्यांच्याकडे अनुदान जाते त्यांना ते प्रश्न रोज दिसत नाहीत. ही दरी बुजवायची तर अनुदान कसे शोधायचे आणि कसे मागायचे, हे शिक्षकाला कळले पाहिजे. वरचाच प्रश्न उदाहरणादाखल घेऊन ते पाहू.

पैसा केव्हा लागतो?

सर्वच संशोधनाला अनुदान लागत नाही. आपल्या वर्गातल्या पंचवीस मुलांना वीस संख्या सांगून लिहायला लावल्या, चुकांचे वर्गीकरण केले, दोन महिने काड्यांचे दशक-गठ्ठे बांधून सराव घेतला आणि पुन्हा तीच चाचणी घेतली, तर ते कृतिसंशोधन झाले. त्याला चार कागद आणि चिकाटी पुरते. त्यातून आपल्या वर्गापुरते उत्तर मिळते आणि आपले शिकवणे सुधारते.

पण 'ही पद्धत महाराष्ट्रातल्या शाळांना सुचवावी का?' असे विचारले तर एका वर्गाचा अनुभव अपुरा पडतो. कदाचित आपला वर्गच हुशार असेल. कदाचित दोन महिन्यांत मुले मोठी झाली म्हणून चुका कमी झाल्या असतील. म्हणून दोन गट लागतात: एकात नेहमीचे शिकवणे, दुसऱ्यात नवी पद्धत. आणि मुलेही पुरेशी लागतात.

पुरेशी म्हणजे किती? समजा, नेहमीच्या गटात शंभरातली ४० मुले उलटापालट करतात आणि नव्या पद्धतीने ती २५ वर येतील अशी आपली अपेक्षा आहे. (हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) एवढा फरक खरोखरच असेल तर तो पाचपैकी चार वेळा तरी आपल्या हाती लागावा, आणि फरक नसताना 'आहे' असे म्हणण्याची चूक वीसपैकी एका वेळेपेक्षा जास्त होऊ नये, अशी संख्याशास्त्रातली रूढ अट आहे. त्या अटीचे सूत्र असे:

प्रत्येक गटातील मुले = ७.८४ × (०.४० × ०.६० + ०.२५ × ०.७५) ÷ (०.१५ × ०.१५)

यातला ७.८४ हा आकडा वरच्या दोन अटींवरून येतो. ०.१५ म्हणजे ४० टक्के आणि २५ टक्के यांतला फरक. कंसातली बेरीज ०.४२७५ होते आणि उत्तर येते सुमारे १४९.

म्हणजे १४९ मुले या गटात आणि १४९ त्या गटात घेतली की झाले? नाही. येथे एक खोच आहे. एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात. त्यांचा शिक्षक एक, गाव एक, फळा एक. एकाच वर्गातली २५ मुले तपासणे आणि पंचवीस निरनिराळ्या वर्गांतले एकेक मूल तपासणे, यांतून सारखीच माहिती मिळत नाही. एका वर्गातल्या मुलांमधले हे साम्य ० ते १ या मापात ०.१ आहे असे धरले, तर संख्या वाढवण्याचा गुणक १ + (२५ − १) × ०.१ = ३.४ असा येतो. १४९ ला ३.४ ने गुणले की सुमारे ५०७ मुले होतात. पंचवीसच्या वर्गांत ती बसवायची तर प्रत्येक गटात २१ वर्ग लागतात. दोन्ही गट मिळून ४२ वर्ग, १,०५० मुले.

बेचाळीस शाळांत जाणे एका शिक्षकाला सुटीच्या दिवशी जमणारे नाही. अनुदान लागते ते येथे. आणि अर्जात 'बेचाळीसच शाळा का?' या प्रश्नाचे उत्तरही याच हिशेबात आहे. हा हिशेब एका परिच्छेदात मांडणारा अर्ज तज्ज्ञांना लगेच वेगळा दिसतो.

दारे कोणकोणती?

सर्वांत जवळचे दार जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे आपल्या 'डाएट'चे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या संस्था निघाल्या, आणि कृतिसंशोधन हे त्यांच्या ठरलेल्या कामांपैकी एक आहे. राज्यपातळीवर पुण्याची महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. तिच्यातर्फे शिक्षकांसाठी होणारी नवोपक्रम स्पर्धा पुष्कळांना ठाऊक असेल. स्पर्धेतले पारितोषिक म्हणजे संशोधनाचे अनुदान नव्हे, परंतु नीट लिहिलेला नवोपक्रम हा पुढच्या मोठ्या अर्जाचा पाया होऊ शकतो.

या पातळीवरचा पैसा बहुतांशी समग्र शिक्षा योजनेतून येतो. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षणाची योजना एकत्र करून २०१८ साली ही योजना सुरू झाली. तिच्या खर्चात महाराष्ट्र आणि गोवा यांसारख्या राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे वेळ. या योजनेत प्रत्येक राज्य दरवर्षी कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार करून केंद्राच्या मंजुरी मंडळापुढे मांडते. जिल्ह्यांच्या मागण्या त्याआधी गोळा झालेल्या असतात. म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर डाएटमध्ये जाऊन 'संशोधनासाठी काही आहे का?' असे विचारले तर त्या वर्षाचे ताट वाढून झालेले असते. दिवाळीच्या सुमारास गेलो तर पुढील वर्षाच्या आराखड्यात आपला विषय घालता येण्याची शक्यता असते.

दुसरे दार दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे, म्हणजे एनसीईआरटीचे. ही परिषद १९६१ मध्ये स्थापन झाली. तिच्यात १९७४ पासून 'शैक्षणिक संशोधन व नवोपक्रम समिती' आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एरिक' म्हणतात. शालेय शिक्षण आणि शिक्षक-शिक्षण या विषयांवरील संशोधनाला ही समिती अर्थसाहाय्य करते. विद्यापीठे, अध्यापक महाविद्यालये, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांच्याकडून ती प्रस्ताव घेते. आपल्या बेचाळीस शाळांच्या प्रश्नाला हे दार चांगले जुळते.

तिसरे दार भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे. १९६९ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचाही सदस्य-सचिव होता. शिक्षणाचा प्रश्न हा समाजाचा प्रश्न आहे आणि त्याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञाच्या शिस्तीने व्हावा, ही दृष्टी त्यांच्या कामात दिसते. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत आहे आणि त्या इमारतीला नाईकांचेच नाव आहे. गळती, स्थलांतरित मुले, मुलींचे शिक्षण, घरची भाषा व शाळेची भाषा असे विषय येथे शोभतात. परिषद लहान व मोठ्या प्रकल्पांसाठी वेळोवेळी प्रस्ताव मागवते.

याखेरीज केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागात १९८२ साली स्थापन झालेली विज्ञान-संचाराची परिषद आणि राज्यातला राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग यांची नावे आपण ऐकतो. येथे अर्ज करण्यापूर्वी योजनेचा हेतू नीट वाचावा. विज्ञानप्रसाराचा कार्यक्रम करण्यासाठी दिलेला पैसा आणि 'कार्यक्रमाने मुले काय शिकली?' हे तपासण्यासाठी दिलेला पैसा, हे दोन वेगळे. तसेच इन्स्पायर मानक योजनेतले १० हजार रुपये विद्यार्थ्याच्या कल्पनेसाठी असतात. शिक्षकाच्या संशोधनासाठी नव्हेत. चुकीच्या दारावर थाप मारण्यात वर्ष जाते.

योजनेची जाहिरात वाचताना पाच गोष्टी वहीत टिपाव्यात: कोण अर्ज करू शकतो, कोणते विषय प्राधान्याचे आहेत, जास्तीत जास्त रक्कम व मुदत किती, कोणत्या खर्चाला बंदी आहे, आणि शेवटची तारीख कोणती. रकमा आणि पात्रतेच्या अटी दर काही वर्षांनी बदलतात. म्हणून कोणाच्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नये. त्या वर्षीची मार्गदर्शक पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावरून मिळवावी आणि शेवटच्या पानापर्यंत वाचावी.

एकटा शिक्षक अर्ज करू शकतो का?

मोठ्या योजनांत सहसा नाही. सरकार अनुदान देते ते संस्थेला. व्यक्तीच्या बँक खात्यात नाही. कारण हिशेबाची जबाबदारी घेणारे कोणी तरी कायम असावे लागते. शिक्षकाची बदली होते, संस्था जागेवर राहते. शिवाय मुख्य संशोधकाकडे पीएच. डी. किंवा संशोधनाचा अनुभव असावा अशी अट बहुधा असते.

म्हणून निराश होण्याचे कारण नाही, जोडीदार शोधावा. जवळचे अध्यापक महाविद्यालय, विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग, डाएटमधील अधिव्याख्याता किंवा शिक्षणात काम करणारी नोंदणीकृत संस्था यांपैकी कोणी तरी पाठीशी उभे राहू शकते. स्वयंसेवी संस्था असेल तर तिची नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावर नोंदणी आहे का, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार आहेत का, हे आधी विचारावे.

या भागीदारीत शिक्षकाने केवळ 'शाळा मिळवून देणारा' होऊ नये. प्रश्न आपला, वर्गाची जाण आपली, चाचणीतले शब्द आपल्या मुलांना कळतील असे करणेही आपलेच काम. म्हणून प्रस्तावात सहसंशोधक म्हणून आपले नाव, आपले काम आणि आपला वेळ स्पष्ट लिहून घ्यावा. शासकीय किंवा अनुदानित शाळेत असाल तर नियुक्ती अधिकाऱ्याची परवानगीही अर्जापूर्वीच घ्यावी.

प्रस्तावात काय लिहायचे?

शीर्षक अरुंद असावे. 'प्राथमिक स्तरावरील गणित अध्यापनातील समस्यांचा अभ्यास' या शीर्षकातून काहीच कळत नाही. 'दुसरीतील मराठी माध्यमाच्या मुलांचे दोन अंकी संख्यांचे श्रुतलेखन: दशक आधी म्हणण्याच्या सरावाचा परिणाम' असे म्हटले की कोण, काय आणि कसे हे तिन्ही लक्षात येते.

त्यानंतर प्रश्न. दोन किंवा तीन पुरेत, आणि प्रत्येकाचे उत्तर आपण गोळा करणार असलेल्या माहितीतून निघाले पाहिजे. 'पालकांचा दृष्टिकोन काय आहे?' असा प्रश्न घातला आणि पालकांना भेटण्याची तरतूदच केली नाही, तर तज्ज्ञ तेथेच पेन्सिलीने खूण करतात.

मग पूर्वीच्या संशोधनाचा आढावा. येथे शिक्षक दबकतात. पण साधने आता हाताशी आहेत. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रा. एम. बी. बुच यांनी १९७४ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध केले. पुढची काही सर्वेक्षणे एनसीईआरटीने काढली. पीएच. डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयात शोधले तर कळते की, हा त्रास एकट्या मराठीचा नाही. जर्मन भाषेतही 'एक आणि वीस' असे एकक आधी म्हणतात, आणि जर्मन बोलणाऱ्या मुलांमध्ये याच प्रकारच्या चुका संशोधकांना आढळल्या आहेत. उलट कानडी, तेलुगू आणि इंग्रजी यांत वीसच्या पुढे दशक आधी येते. मग सोलापूरच्या सीमाभागात घरी कानडी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाचे काय होत असेल? आढावा लिहिता लिहिता असा नवा प्रश्न सुचतो. आढाव्याचा उपयोग हाच. नावांची माळ ओवण्यासाठी तो नसतो.

पद्धतीच्या भागात प्रत्येक शब्दाची व्याख्या हवी. 'उलटापालट करणारे मूल' कोणाला म्हणायचे? वीस संख्यांपैकी तीन किंवा अधिक संख्यांचे अंक उलटे लिहिणाऱ्याला, असे ठरवले तर तसे लिहावे. चाचणीत ३३, ४४ अशा संख्या घालण्यात अर्थ नाही, कारण त्या उलट्या लिहिल्या तरी कळणार नाही. 'एकोण' लागणाऱ्या संख्या वेगळ्या मोजाव्यात, कारण तेथली चूक वेगळ्या कारणाने होते. कोणता वर्ग कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. उत्साही शिक्षकांचे वर्ग नव्या पद्धतीत आणि बाकीचे दुसरीकडे, असे केले तर शेवटी शिक्षकाचा उत्साह मोजला जातो, पद्धत नव्हे.

मर्यादाही आपणच सांगाव्यात. आपल्या हिशेबात पंचवीस मुलांचा वर्ग धरला आहे. पण खेड्यापाड्यांतल्या कित्येक शाळांत दुसरीत सात-आठच मुले असतात आणि एक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो. अशा शाळा वगळल्या तर निष्कर्ष त्यांना लागू होणार नाही, हे प्रस्तावातच लिहिले पाहिजे. किंवा त्या घ्याव्यात आणि शाळांची संख्या वाढवावी. मर्यादा कबूल केल्याने प्रस्ताव दुबळा होत नाही. लपवली तर होतो.

आणि मुलांचा विचार. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची लेखी संमती, अहवालात मुलांची व शाळांची नावे न देणे, या गोष्टी नमूद कराव्यात. नवी पद्धत उपयोगी ठरली तर नेहमीच्या गटातल्या मुलांनाही ती नंतर शिकवली जाईल, हेही लिहावे. आपल्या अभ्यासासाठी निम्म्या मुलांनी तोटा सोसावा, हे बरोबर नाही.

अंदाजपत्रक

अंदाजपत्रक म्हणजे पद्धतीचेच दुसरे रूप. जे काम पद्धतीत लिहिले आहे त्याचाच खर्च येथे दिसला पाहिजे, आणि जो खर्च येथे आहे त्याचे काम पद्धतीत सापडले पाहिजे. आपल्या उदाहरणात तीन चाचण्या आहेत: सरावापूर्वी, सरावानंतर आणि आणखी तीन महिन्यांनी. त्यांचा हिशेब असा मांडता येईल (दर नमुन्यादाखल घेतले आहेत, प्रत्यक्षात देणाऱ्या संस्थेचे ठरलेले दर लावावेत):

संशोधन-साहाय्यक, १२ महिने, दरमहा २०,००० रु. – २,४०,००० रु.
शाळाभेटी, ४२ शाळा × ३ = १२६ भेटी, प्रत्येकी ६०० रु. – ७५,६०० रु.
शिक्षकांचे प्रशिक्षण, ४२ शिक्षक × २ दिवस × ५०० रु. – ४२,००० रु.
चाचण्यांची छपाई, १,०५० मुले × ३ चाचण्या × ४ पाने = १२,६०० पाने, दीड रुपयाप्रमाणे – १८,९०० रु.
३,१५० उत्तरपत्रिकांची तपासणी व नोंद, ५ रुपयांप्रमाणे – १५,७५० रु.
अहवाल आणि शिक्षकांची एक बैठक – २५,००० रु.
किरकोळ खर्च – २०,००० रु.
एकूण – ४,३७,२५० रु.

पाहा, निम्म्याहून अधिक पैसा माणसाच्या पगारावर जातो आहे. शैक्षणिक संशोधनात असेच असते. याच्या जागी दोन संगणक आणि एक प्रोजेक्टर मागणारा अर्ज संशयाने पाहिला जातो, आणि ते योग्यच आहे.

वेळापत्रक शाळेच्या वर्षाशी जुळवावे. पहिली चाचणी जुलैत, सराव ऑगस्ट-सप्टेंबरात, दुसरी चाचणी सहामाही परीक्षेपूर्वी, तिसरी जानेवारीत. पण मंजुरी आणि पहिला हप्ता यांत महिने जाऊ शकतात. ऑक्टोबरात पैसे आले तर दुसरीची मुले अर्धे वर्ष पुढे गेलेली असतील. म्हणून 'पहिला हप्ता ठरावीक तारखेनंतर मिळाल्यास काम पुढील जूनपासून सुरू होईल. तोवर चाचणीची पूर्वतपासणी केली जाईल' असे वाक्य वेळापत्रकाखाली लिहून ठेवावे.

मंजुरीनंतर

केंद्र सरकारच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. पैसे सहसा हप्त्यांनी मिळतात, आणि पुढचा हप्ता मागच्याचा हिशेब दिल्यावर. या हिशेबाचा मुख्य कागद म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. संस्थांसाठी त्याचा नमुना 'जीएफआर १२-ए' या नावाने ओळखला जातो. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते द्यावे असा नियम आहे. पण आपला पुढचा हप्ता त्यावर अडलेला असतो, म्हणून तेवढे थांबू नये.

अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज आपले नसते. ते भारताच्या संचित निधीत जमा करावे लागते. शिल्लक राहिलेली रक्कम परत करावी लागते. मंजूर झालेल्या एका सदरातला पैसा दुसऱ्या सदरात मनाने वळवता येत नाही. आधी लेखी परवानगी लागते. अनुदानातून घेतलेली कपाट-संगणकासारखी वस्तू विकायची तरी परवानगी हवी.

हे ऐकून घाबरायला नको. आपण शालेय पोषण आहाराच्या नोंदी ठेवतो, निवडणुकीची व जनगणनेची कामे करतो. त्यापेक्षा हे अवघड नाही. सवयी तीनच: प्रत्येक खर्चाची पावती त्याच दिवशी चिकटवणे, प्रवासाची नोंद त्याच दिवशी करणे आणि दर महिन्याला संस्थेच्या लेखापालाबरोबर अर्धा तास बसणे. अहवाल उत्तम आणि पावत्या गहाळ, अशी अवस्था झाली तर संस्थेला पुढचे अनुदान मिळणे कठीण होते आणि त्याचा फटका आपल्यानंतर येणाऱ्या शिक्षकाला बसतो.

नामंजूर झाला तर?

पुष्कळ प्रस्ताव पहिल्या खेपेला नामंजूर होतात. नेहमीची कारणे ओळखीची आहेत: विषय फार पसरट, प्रश्न व पद्धत यांचा मेळ नाही, आढावा वरवरचा, खर्च कामापेक्षा मोठा किंवा फार लहान, आणि निष्कर्ष आधीच ठरवलेला. शेवटचे कारण शिक्षकांच्या बाबतीत विशेष घडते. आपली पद्धत चांगलीच आहे असा आपला विश्वास असतो आणि तो प्रस्तावाच्या प्रत्येक ओळीत उतरतो. पण 'नव्या पद्धतीने फरक पडला नाही' असे उत्तर निघाले तरी ते उपयोगी आहे, हे मनापासून मानणाराच संशोधक. 'वीस सात' म्हणण्याने काहीच साधत नाही असे बेचाळीस वर्गांत दिसले, तर लाखो मुलांचा आणि शिक्षकांचा एक खटाटोप वाचेल. साधते असे दिसले, तर पुढच्या वेळी पाठ्यपुस्तकावर वाद होताना हातात आकडे असतील.

तज्ज्ञांचे शेरे मिळाले तर ते जपून ठेवावेत, प्रस्ताव सुधारावा आणि दुसऱ्या योजनेकडे किंवा पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावा.

सुरुवात मात्र अर्जापासून करू नये. या आठवड्यात आपल्याच वर्गात वीस संख्यांचे श्रुतलेखन घ्या आणि चुकांचा तक्ता करा. केंद्रातल्या दोन-तीन शिक्षकांना त्यांच्या वर्गात तेच करायला सांगा आणि पुढच्या शिक्षण परिषदेत तक्ते शेजारी शेजारी ठेवा. त्यातून प्रश्न पक्का झाला की एका पानावर चार गोष्टी लिहा: प्रश्न काय, आजवर काय आढळले, काय करायचे आहे आणि अंदाजे खर्च किती. हे पान घेऊन डाएटमध्ये किंवा अध्यापक महाविद्यालयात जा. कोऱ्या हाताने आलेल्या माणसापेक्षा चार वर्गांचे तक्ते घेऊन आलेल्या शिक्षकाचे म्हणणे कोणीही अधिक लक्ष देऊन ऐकतो, आणि अनुदानाच्या प्रस्तावाची पहिली दोन पाने त्या तक्त्यांतच तयार झालेली असतात.